लिनक्स आणि प्रोग्रॅमिंग शिकायला नेमकी कुठून सुरुवात करावी?

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी एका पतसंस्थेत हिशेब बघते. वय ४१, शिक्षण बी.कॉम. घरातला जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप इतका मंदावला होता की बटण दाबून आधी कुकर लावून यायचे. दिवाळीत भाचा आला, त्याने त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं आणि यंत्र पुन्हा धावायला लागलं. जायच्या आदल्या रात्री त्याने टर्मिनल म्हणतात ती आज्ञा टंकायची काळी खिडकी उघडली आणि एका ओळीत पाचशे-सहाशे फोटोंच्या नावांपुढे तारखा लावून दाखवल्या. ती ओळ मी वहीत उतरवून घेतली आहे. पण तिच्यातलं एक अक्षर मला कळत नाही, आणि ते कळावं असं मनापासून वाटतं.

गेले दोन महिने व्हिडिओ बघतेय. प्रत्येक जण पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो: पेंग्विन, इतिहास, इन्स्टॉल कसं करायचं. चार-पाच भागांनंतर मालिका तरी थांबते किंवा एकदम डोक्यावरून जाते. बघताना सगळं समजतं. व्हिडिओ बंद केला की रिकाम्या टर्मिनलसमोर हात थांबतात.

क्रमाने नेणारं एखादं पुस्तक किंवा अभ्यासक्रम आहे का? मराठीत काही आहे का? इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. आणि प्रोग्रॅमिंग सोबतच सुरू करावं की नंतर? रोज रात्री पाऊण तास मिळतो. खर्च शक्यतो नको.

पारिजात

वाचनखूण साठवली. अगदी माझाच प्रश्न. मंडळी, सविस्तर लिहा.

सह्यकडा

ताई, एकच पुस्तक सांगायचं तर विल्यम शॉट्स यांचं 'द लिनक्स कमांड लाइन'. लेखकाने स्वतःच त्याची पूर्ण पीडीएफ मोफत ठेवली आहे, त्यामुळे निर्धास्त उतरवून घ्या. फोल्डरमध्ये इकडून तिकडे जाण्यापासून सुरुवात होते आणि शेवटी आपली आपण छोटी स्क्रिप्ट (म्हणजे आज्ञांची फाइल) लिहिण्यापर्यंत पुस्तक हात धरून नेतं. इंग्रजी सोपं आहे. पहिले दहा धडे सोडून पुढे उडी मारू नका.

पण पुस्तकाच्याही आधी एक सवय लावा. तुमच्या लॅपटॉपमध्ये एक ग्रंथालय आधीच बसवलेलं आहे, त्याचं नाव 'मॅन'. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाका.) एलएस ही फोल्डरमधल्या फाइलींची यादी दाखवणारी आज्ञा. 'मॅन एलएस' लिहून एंटर मारा. एलएसची सगळी माहिती समोर येईल. स्पेसबार दाबला की पुढचं पान, तिरकी रेघ देऊन शब्द लिहिला की शोध, एन दाबलं की तो शब्द पुढे कुठे आहे ते, आणि क्यू दाबलं की बाहेर. नेट नसलं तरी चालतं.

आता एक गंमत करून बघा. 'मॅन सीडी' लिहा. बहुतेक वेळा असं पान नाही म्हणून उत्तर येतं. एका फोल्डरमधून दुसऱ्यात जायला सीडी तर रोज वापरतो, मग तिचं पान कसं नाही? मग 'टाइप सीडी' लिहा. उत्तर येईल की ही शेलच्या (टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) आतलीच आज्ञा आहे. कारण असं की एलएस हा वेगळा प्रोग्रॅम. तो सुरू होतो, काम करतो, संपतो. वेगळा प्रोग्रॅम स्वतःची जागा बदलू शकतो, तुमच्या शेलची नाही. म्हणून जागा बदलायचं काम शेलला स्वतःलाच करावं लागतं. अशा आतल्या आज्ञांसाठी 'हेल्प सीडी'. एवढी एक गोष्ट नीट कळली तरी शेल म्हणजे काय आणि प्रोग्रॅम म्हणजे काय, हे कळतं.

बोरीबंदर

@सह्यकडा, पुस्तकाबद्दल सहमत. मॅनच्या पानांबद्दल अजिबात नाही. मॅन म्हणजे शब्दकोश. शब्दकोश पाठ करून कोणी भाषा शिकलंय का? मी सुरुवातीला 'मॅन बॅश', म्हणजे शेलचंच पान, उघडलं आणि पुढचे सहा महिने टर्मिनलकडे फिरकलो नाही.

नवख्या माणसाला आधी काहीतरी सोडवायला द्या. ओव्हर द वायर नावाच्या संकेतस्थळावर 'बॅन्डिट' हा खेळ आहे. त्यांच्या यंत्रावर एसएसएचने आत शिरायचं. पहिल्या पायरीत पुढचा पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये. दुसऱ्या पायरीत फाइलचं नाव नुसतंच 'आडवी रेघ'. ती उघडायला गेलात की आज्ञा फाइल न उघडता तुमच्याच टंकण्याची वाट बघत बसते. पुढे नावात मोकळ्या जागा, मग लपवलेली फाइल. प्रत्येक पायरीला कोणत्या आज्ञा लागतील त्यांची नावं दिलेली असतात, कशा वापरायच्या ते आपण शोधायचं. एकदा अडलात की मॅनचं पान आपोआप गोड लागतं.

सह्यकडा

@बोरीबंदर, 'मॅन बॅश' हे सुरुवातीचं पान नव्हे, हे मान्य! ते अख्खं पुस्तकच आहे. पण सगळं पान वरून खाली वाचायचंच नसतं. वरच्या दोन ओळी वाचायच्या, मग शोध देऊन थेट उदाहरणांवर जायचं. रोज रात्री जेवण झालं की एक पान. फक्त खायचं नाही, वाचायचं.

पारिजात

रोज जेवणानंतर एक पान! हे मी भिंतीवर लिहून लावणार.

तांबडीमाती

ताई, मराठीत आहे, आणि चांगलं आहे. आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प बघा. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने आणि केंद्र सरकारच्या मदतीने उभा राहिलेला, शिकणाऱ्याला फुकट. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे. लिनक्सची मालिका मराठीत ऐकता येते. प्रत्येक धड्याचं निवेदन लेखी स्वरूपातही मिळतं, त्यामुळे ऐकताना सुटलेलं वाक्य वाचून घेता येतं.

मी मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडे पहिल्या वर्षाला येणारी बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. पहिल्या वर्षी मी तो धडा मोठ्या पडद्यावर लावून दिला, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तासाला कोणालाच काही करता आलं नाही. ताईंनी लिहिलंय तीच अवस्था. मग प्रकल्पवाल्यांनी सांगितलेली पद्धत मनापासून पाळली. पडद्याच्या अर्ध्या भागात धडा, अर्ध्या भागात स्वतःचं टर्मिनल, कानाला हेडफोन. निवेदकाने आज्ञा दिली की धडा थांबवायचा, तीच आज्ञा स्वतः टंकायची, आपल्याकडे तेच उत्तर आलं का बघायचं, मगच पुढे. दहा मिनिटांच्या धड्याला अर्धा तास लागतो. लागू द्या. तो अर्धा तास म्हणजेच शिकणं.

या धड्यांत आवाज मराठी असतो, पडदा मात्र इंग्रजीच ठेवतात. शेवटी काम त्या पडद्यावरच करायचं असतं, म्हणून ते मला फार योग्य वाटतं. काही धड्यांतलं उबुंटू (मिंटसारखाच लिनक्सचा एक प्रकार) जुनं आहे, खिडक्या वेगळ्या दिसतील, त्याने गोंधळू नका. एलएस, ग्रेप, सॉर्ट या आज्ञा तेव्हा चालायच्या तशाच आजही चालतात.

मध्यरात्र

मराठीतून सुरुवात करायला माझा विरोध आहे, आणि तो अनुभवातून आहे. टर्मिनलवर चूक झाली की संदेश इंग्रजीत येतो. शोधायला गेलात की उत्तरं इंग्रजीत. आर्च या दुसऱ्या एका लिनक्सच्या आर्च विकीसारखा खजिना इंग्रजीत. (मिंट वापरणाऱ्यांनीही तो वाचावा. फक्त पॅकेज बसवायची आज्ञा वेगळी, त्यांच्याकडे पॅकमन, आपल्याकडे एपीटी.) मराठीत सहा महिने घालवून मग इंग्रजीत पुन्हा पहिल्यापासून यायचं, त्यापेक्षा आजच तो डोंगर चढायला घ्या. सावकाश का होईना.

तांबडीमाती

@मध्यरात्र, संदेश इंग्रजीत वाचायला मीही शिकवतोच. 'परमिशन डिनाइड' या शब्दांचा अर्थ कोणालाही शब्दकोशात मिळेल. पण परवानगी कोणाला, कशाची, मालक कोण, गट म्हणजे काय, ही कल्पना डोक्यात बसायला आपली भाषा लागते. मी मुलांना सांगतो, आपल्या शेतातली विहीर घ्या. मालकाने काय करायचं, भाऊबंदांनी काय करायचं, वाटसरूने काय करायचं. मालकाला दुरुस्ती करता येते, भाऊबंदांना पाणी घेता येतं, वाटसरूला फक्त बघता येतं. मालक, गट, इतर. तिघांना प्रत्येकी वाचणं, लिहिणं, चालवणं. पाच मिनिटांत ७५५ आणि ६४४ या परवानगीच्या आकड्यांचा अर्थ मुलं मलाच सांगतात: वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज करा. हे मी दोन वर्षं इंग्रजी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. नुसतं पाठ व्हायचं, वापरता यायचं नाही.

हिरवाचाफा

दोघांच्या वादात माझी भर. मी काही वर्षं सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराच्या कामात हातभार लावला आहे, आता जर्मनीत असते. फोल्डर ठेवायचं की संचयिका करायचं यावर आमच्यात दोन-दोन दिवस चर्चा चालायची. घरच्या मोठ्यांना मराठी पडदा आवडतो, त्यांच्यासाठी ते काम अतिशय मोलाचं आहे. पण शिकताना अडचण होते ती संदेश शोधताना. चूक झाल्याचा मराठीत आलेला संदेश जसाच्या तसा शोधला तर हाती काही लागत नाही.

त्यासाठी आख्खी भाषा बदलायची गरज नाही. आज्ञेच्या आधी त्याच ओळीत 'एलसी_ऑल=सी' लिहायचं (मोठी अक्षरं, मध्ये खाली-रेघ, बरोबरच्या चिन्हाभोवती मोकळी जागा नाही), मग आज्ञा. तेवढ्या एका आज्ञेपुरता संदेश इंग्रजीत येतो.

अवांतर: मिंटवर मराठी टंकायचं असेल तर आयबस आणि त्याचा एम१७एन हा भाग बसवा. त्यात इन्स्क्रिप्ट कळपाट आहे, आणि रोमन अक्षरांतून मराठी टंकायचं आपल्या ओळखीचं गमभनही आहे.

कृष्णाकाठ

@हिरवाचाफा, गमभन मिळालं! हा प्रतिसाद त्यातूनच लिहितेय. सगळ्यांचं वाचतेय, वहीत उतरवतेय.

जुनीसायकल

गमभनचं नाव वाचून मन मागे गेलं. अवांतराबद्दल क्षमस्व, पण लिहितोच. २००६ साली मी तालुक्याच्या गावी होतो. नेट म्हणजे सायबर कॅफे, तासाला वीस रुपये. उबुंटूवाले तेव्हा 'शिपइट' योजनेतून मागेल त्याला फुकट सीडी पाठवायचे, टपालखर्चसुद्धा त्यांचाच. मी अर्ज भरला आणि विसरलो. काही आठवड्यांनी पोस्टमनकाका परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन दारात. बाबांना वाटलं, पोराला परदेशात नोकरी लागली. आत उबुंटूच्या ६.०६ आवृत्तीची सीडी, कागदी वेष्टनात. ती मी अकरा जणांच्या संगणकावर बसवली. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. ते वेष्टन अजून माझ्या कपाटात आहे.

तेव्हा साहित्य मिळणं अवघड होतं, म्हणून मिळालेलं एकच पुस्तक तीनदा वाचलं जायचं. ताई, आज उलटं आहे. इथे आतापर्यंत सुचवलेल्यांपैकी एक पुस्तक आणि एक मालिका घ्या आणि बाकीच्या खिडक्या तीन महिने बंद ठेवा.

बोरीबंदर

@जुनीसायकल, वेष्टनाचा फोटो टाका की!

देवराई

प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही अजून. माझं मत: नंतर नाही, सोबतच. पण वेगळा विषय म्हणून नाही. तुमच्या रोजच्या कामातून सुरू करा.

ताई, तुम्ही पतसंस्थेत आहात, म्हणजे पिग्मी एजंटांची वसुली बघत असाल. एक खोटी फाइल बनवा. एका ओळीत एजंट क्रमांक, तारीख, रक्कम, मध्ये स्वल्पविराम. तीस-चाळीस ओळी पुरेत. आता कटने पहिला रकाना काढा, तो पाइपने सॉर्टकडे द्या, तिथून यूनिक -सीकडे (रोमनमध्ये uniq). कोणत्या एजंटने किती दिवस भरणा केला ते समोर. सॉर्टमध्ये १० हा आकडा २ च्या आधी आलेला दिसेल, कारण तो अक्षरांच्या क्रमाने लावतो. -एन दिलं की संख्यांच्या क्रमाने. यूनिक फक्त शेजारशेजारच्या सारख्या ओळी मोजतो, म्हणून आधी सॉर्ट लागतोच. सॉर्ट काढून बघा, उत्तर कसं चुकतं ते दिसेल. एकाचं उत्तर दुसऱ्याच्या हातात देणारी ही पाइप युनिक्समध्ये १९७३ साली आली आणि आजही आपण तीच वापरतो, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

एजंटनिहाय बेरीज हवी झाली की रकान्यांवर हिशेब करणारं ऑक (awk) शिका. आणि व्याजाचं गणित घालायची वेळ आली की पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. त्यासाठी अल स्वेगार्ट यांचं 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन', तेही लेखकाच्या संकेतस्थळावर पूर्ण वाचता येतं. एक्सेलच्या फाइली, पीडीएफ, नावं बदलणं असल्या कामांचंच पुस्तक आहे. ऑफिसात बसणाऱ्या माणसासाठीच लिहिलंय.

संस्थेची खरी फाइल मात्र सरावाला घेऊ नका. खातेदारांची माहिती घरच्या लॅपटॉपवर नकोच.

मध्यरात्र

पायथनऐवजी सी ही भाषा घ्या असं मी म्हणणार होतो, पण ताईंची गरज वाचून मागे घेतो. ज्याला ऑपरेटिंग सिस्टिम आतून समजून घ्यायची आहे त्याने सी शिवाय पुढे जाऊ नये. तशांसाठी 'ऑपरेटिंग सिस्टिम्स: थ्री ईझी पीसेस' हे पुस्तक, धडा-धडा करून मोफत मिळतं. आणि 'लिनक्स फ्रॉम स्क्रॅच', ज्यात सगळी प्रणाली स्वतः एकेक भाग बांधून उभी करायची. तीही मोफत. संयम मात्र भरपूर लागतो.

दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असणाऱ्यांसाठी एमआयटीची 'द मिसिंग सेमिस्टर' ही व्याख्यानं, २०२० ची. शेल, एडिटर, फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं गिट, दोष शोधणं. कॉलेजात कोणी शिकवत नाही आणि नोकरीत पहिल्याच दिवशी लागतं ते सगळं.

नागझिरा

साधा प्रश्न. हे सगळं आता एआयला विचारून होत नाही का? मी तसंच करतो.

सह्यकडा

@नागझिरा, विचारा की. मीही विचारतो. पण त्याने दिलेली आज्ञा चालवायच्या आधी तिच्यातल्या आडव्या रेघेने सुरू होणाऱ्या प्रत्येक पर्यायाचा अर्थ मॅनमध्ये बघून घ्या. विशेषतः सुडो (पूर्ण अधिकाराने आज्ञा चालवणं) किंवा आरएम (फाइल काढून टाकणं) दिसलं तर.

तळकोकण

आरएमचा विषय निघाला म्हणून सांगतो, सगळ्यांनी वाचा. मला एका फोल्डरमधल्या फक्त '.बॅक' शेवट असलेल्या जुन्या प्रती काढायच्या होत्या. आरएम, मग तारा (*, म्हणजे कोणतंही नाव), मग लगेच .बॅक असं लिहायचं. रात्रीचे दीड वाजले होते, तारा आणि .बॅकच्या मध्ये एक मोकळी जागा पडली. म्हणजे मी सांगितलं: सगळं काढ, आणि शिवाय .बॅक नावाची फाइलही काढ. त्याने सगळं काढलं, आणि मग .बॅक नावाची फाइल सापडत नाही म्हणून तक्रार केली. टर्मिनलच्या आरएमला कचरापेटी नसते. मुलीच्या बारशाचे व्हिडिओ त्यात होते, दुसरी प्रत नव्हती.

तेव्हापासून माझा नियम: तारा वापरून काही काढायचं असेल तर आधी आरएमच्या जागी एलएस लिहायचं. जी यादी दिसते तीच जाणार. यादी वाचायची, मग बाण वर दाबून एलएसचं आरएम करायचं.

पारिजात

वाचून पोटात गोळा आला. हा नियम आजपासून माझाही.

कृष्णाकाठ (तीन आठवड्यांनंतर)

मंडळी, उशिरा येतेय, मार्चअखेर होती. पण रोजचा पाऊण तास सोडला नाही.

शॉट्स यांच्या पुस्तकाचे आठ धडे झाले. मराठी मालिका अर्ध्या पडद्यावर लावून केली, तांबडीमाती सरांनी सांगितलं तसं थांबत थांबत. विहिरीचं उदाहरण मी आमच्या शिपाईदादांना सांगितलं, त्यांनाही ७५५ समजलं. बॅन्डिटच्या सहा पायऱ्या चढले. आडव्या रेघेच्या फाइलपाशी दोन रात्री अडले होते. नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ लावली आणि उघडली, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

आणि भाच्याची ती ओळ! फॉर म्हणजे एकेक फोटो घे. एमव्ही म्हणजे नाव बदल. मधली 'डेट -आर' त्या फाइलची तारीख काढते. दुहेरी अवतरणचिन्हं का, ते परवा कळलं. 'गणपती आरती' असं मोकळी जागा असलेलं नाव आलं की त्यांच्याशिवाय त्याचे दोन तुकडे होतात. तळकोकण, तुमचं वाचल्यामुळे ओळ थेट चालवली नाही. एमव्हीच्या आधी इको लिहिलं, म्हणजे ती नुसती काय करणार ते छापून दाखवते. दहा फोटोंची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये घेऊन बघितलं.

तिथेच प्रश्न पडलाय. २०१९ च्या गणपतीच्या फोटोंना या दिवाळीची तारीख लागतेय. भाच्याने केलेल्यांतही बऱ्याच फोटोंचं तसंच झालंय, तेव्हा लक्षात आलं नव्हतं. ओळीत काय चुकलं?

सह्यकडा

ताई, ओळ बरोबर आहे, तारीख वेगळी आहे. 'डेट -आर' फाइल शेवटची कधी बदलली ते सांगते. भाच्याने दिवाळीत फोटो मोबाईलमधून लॅपटॉपवर उतरवले असणार, तेव्हा ती तारीख बदलली. फोटो काढल्याची तारीख कॅमेरा फोटोच्या आत लिहितो, तिला एक्झिफ म्हणतात. ती वाचायला एक्झिफटूल बसवा. पॅकेजचं नाव लांब आहे, 'लिबइमेज-एक्झिफटूल-पर्ल'.

देवराई

भर घालतो: व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोंमध्ये एक्झिफ नसतं, ते पाठवतानाच काढून टाकलं जातं. पण त्यांच्या नावातच तारीख असते बघा, आयएमजी, मग आठ आकडे, मग डब्ल्यूए. ते आठ आकडे नावातून कापून घ्यायचे. आता तुम्हाला कट येतो.

कृष्णाकाठ

बसवलं! 'मॅन एक्झिफटूल' उघडलं, केवढं लांब आहे ते. तिरकी रेघ देऊन उदाहरणांवर गेले. तारखेवरून नाव बदलायचं उदाहरण तिथे दिसतंय. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवले, ते उद्या.

भांडी आवरून येते. आजचं पान हेच.